नव्व्याण्णव दिवसांचा सम्राट आणि चार मिलिमीटरची गाठ

अनंत चतुर्दशी झाली की पुढचा आठवडाभर नारायण पेठेतले निम्मे आवाज बसलेले असतात. दहा दिवसांच्या आरत्या, ढोल-ताशाच्या वर चढवून मारलेल्या हाका आणि मिरवणुकीतली रात्रभरची ओरड गळ्याला सोसत नाही. मग हळद-दूध, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, ज्येष्ठमधाची काडी असे उपाय सुरू होतात. आठ-दहा दिवसांत बहुतेकांचा गळा मोकळा होतो. ज्याचा होत नाही, तो औषधाच्या दुकानातून गोळ्या आणतो आणि आणखी थोडे थांबतो. किती थांबावे, हे मात्र कोणी त्याला सांगत नाही.

या प्रश्नाचे उत्तर एका राजपुरुषाच्या आयुष्यात सापडते. त्याच्या घराण्याचा एक धागा पुण्यापर्यंत येतो. १८८८ च्या मार्चमध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी झाली आणि महात्मा फुले तिथे शेतकऱ्याच्या वेशात गेले, ही हकिगत आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक आहे. हे ड्यूक म्हणजे व्हिक्टोरिया राणीचे चिरंजीव आणि त्या वेळी मुंबई इलाख्याच्या लष्कराचे सरसेनापती. इकडे पुण्यात ही मेजवानी होत असताना त्यांच्या थोरल्या बहिणीचे यजमान इटलीच्या समुद्रकिनाऱ्यावर गळ्यात बसवलेल्या नळीतून श्वास घेत होते. त्यांचा आवाज कायमचा गेला होता. त्याच महिन्यात ते जर्मनीचे सम्राट झाले आणि जूनमध्ये वारले. त्यांचे नाव फ्रेडरिक तिसरा. स्वरयंत्राच्या कर्करोगाच्या इतिहासात या रुग्णाइतकी चर्चा क्वचितच कोणाची झाली असेल.

वाट पाहणारा युवराज

फ्रेडरिकचा जन्म १८ ऑक्टोबर १८३१ रोजी पॉट्सडॅमच्या राजवाड्यात झाला. प्रशियाचे होहेनझोलर्न घराणे म्हणजे शिपाईगिरीचे घराणे. मुलगा चालायला लागला की त्याच्या हाती बंदूक द्यायची, अशी तिथली रीत. फ्रेडरिकची आई ऑगस्टा मात्र वायमारच्या सुसंस्कृत दरबारात वाढलेली होती. तिच्या आग्रहामुळे मुलगा बॉनच्या विद्यापीठात गेला आणि तिथे इतिहास, कायदा, राज्यशास्त्र शिकला. विद्यापीठाची पायरी चढणारा घराण्यातला हा पहिला राजपुत्र मानला जातो.

१८५१ साली लंडनला भव्य औद्योगिक प्रदर्शन भरले. ते पाहायला गेलेल्या फ्रेडरिकची ओळख व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या मुलीशी झाली. ती तेव्हा जेमतेम दहा वर्षांची होती. पुढे जानेवारी १८५८ मध्ये दोघांचे लग्न झाले. राजघराण्यांतली लग्ने राजकारणासाठी होत. पण या दोघांचे खरोखरच जमले. दोघांनाही इंग्लंडसारखी संसदीय राज्यपद्धती जर्मनीत यावी असे वाटत होते. त्यांना आठ मुले झाली. त्यांतले दोन मुलगे लहानपणीच गेले, एक मेंदूच्या आवरणाच्या दाहाने आणि दुसरा घटसर्पाने.

फ्रेडरिकने सेनापती म्हणून मोठी नावे कमावली. १८६६ साली ऑस्ट्रियाविरुद्ध आणि १८७०-७१ साली फ्रान्सविरुद्ध झालेल्या युद्धांत त्याच्या फौजांनी निर्णायक विजय मिळवले. पण युद्धाची त्याला हौस नव्हती. पंतप्रधान बिस्मार्कने १८६३ साली वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी केली, तेव्हा युवराज असूनही त्याने जाहीरपणे आपला त्या निर्णयाशी संबंध नसल्याचे सांगितले. त्यानंतर बाप आणि बिस्मार्क या दोघांनीही त्याला कारभारापासून दूरच ठेवले. बाप पहिला विल्हेल्म नव्वदीपर्यंत जगला. त्यामुळे उदारमतवादी जर्मनीची स्वप्ने पाहणारा हा माणूस वयाच्या छपन्नाव्या वर्षापर्यंत युवराजच राहिला. या साऱ्या वर्षांत हातातला पाइप काही सुटला नाही.

आरशात दिसलेली गाठ

१८८६ च्या शरद ऋतूत इटलीत असताना त्याला सर्दी-पडसे झाले. सर्दी गेली, आवाज मात्र सुटला नाही. जानेवारी १८८७ उजाडला तरी घोगरेपणा कायम होता. मार्चमध्ये बर्लिनचे नामवंत प्राध्यापक कार्ल गेरहार्ट यांनी त्याचा गळा तपासला.

गळ्यात इतक्या आत पाहता येऊ लागून तेव्हा पुरती पस्तीस वर्षेही झाली नव्हती. मान्युएल गार्सिया नावाच्या गायनशिक्षकाने १८५४ साली दंतवैद्याचा छोटा आरसा घशात धरून, सूर्यप्रकाशाच्या मदतीने स्वतःचे स्वरतंतू हलताना पाहिले. आवाज कसा निघतो, एवढेच त्याला जाणून घ्यायचे होते. डॉक्टरांनी ती युक्ती उचलली आणि स्वरयंत्राच्या रोगांची नवी विद्याशाखा उभी राहिली.

गेरहार्टना आरशात डाव्या स्वरतंतूच्या कडेवर एक उंचवटा दिसला. त्याची लांबी सुमारे चार मिलिमीटर आणि उंची दोन मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या दाण्याहूनही लहान. त्यांनी तो आधी तारेच्या फासाने काढायचा प्रयत्न केला, पण ते जमले नाही. मग विजेने तापवलेल्या तारेने तो जाळायला सुरुवात केली. मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जवळजवळ रोज हा प्रकार चालला. युवराजाने तक्रार केली नाही. गाठ बरीचशी नाहीशी झाल्यासारखी वाटल्यावर त्याला एम्स या झऱ्यांच्या गावी हवापालटासाठी पाठवण्यात आले.

इथे थोडे थांबून स्वरयंत्राची रचना पाहू. कंठमण्याच्या आत, कूर्चेच्या चौकटीत दोन स्वरतंतू ताणलेले असतात. बोलताना ते जवळ येतात आणि हवेच्या झोताने थरथरतात. त्यांच्या कडा गुळगुळीत असल्या तरच सूर स्वच्छ निघतो. म्हणून स्वरतंतूवर दोन मिलिमीटरचा उंचवटा आला तरी आवाज लगेच बिघडतो. पोटात किंवा फुप्फुसात एवढी गाठ वर्षानुवर्षे कळत नाही. शिवाय खुद्द स्वरतंतूत लसिकावाहिन्या अगदी कमी असतात. त्यामुळे तिथला कर्करोग सुरुवातीला बराच काळ तिथेच राहतो आणि मानेतल्या गाठींपर्यंत उशिरा पोचतो. लवकर ओरडून सांगणारा आणि सावकाश पसरणारा असा हा रोग आहे. ऐकणाऱ्याने ऐकले, तर लहान आकारात पकडता येणाऱ्या कर्करोगांत याचा नंबर फार वरचा लागतो. स्वरतंतूंच्या वरच्या भागातला कर्करोग मात्र असा उपकारी नसतो. तो आवाजाला उशिरा हात लावतो आणि बरेचदा मानेतल्या गाठीनेच प्रथम लक्षात येतो.

मे महिन्यातला फाटा

मेच्या मध्यावर फ्रेडरिक बर्लिनला परतला, तेव्हा गाठ पुन्हा उगवली होती आणि आधीपेक्षा मोठी झाली होती. गेरहार्टना आणखी एक गोष्ट खटकली. डावा स्वरतंतू उजव्याइतका मोकळा हलत नव्हता. गाठ नुसती पृष्ठभागावर असेल, तर तंतू हलायला अडचण येत नाही. हालचाल मंदावली, तर गाठ खालच्या स्नायूत शिरत असल्याचा संशय येतो. त्यांनी शल्यचिकित्सक अर्न्स्ट फॉन बर्गमान यांना बोलावले. बर्गमान यांचे मत स्पष्ट होते. हा कर्करोग आहे. कंठमण्याची कूर्चा मधोमध चिरून स्वरयंत्र उघडायचे आणि गाठ मुळासकट काढायची. २१ मे हा दिवसही ठरला.

भावी सम्राटाच्या गळ्यावर सुरी चालवण्याआधी आणखी एका तज्ज्ञाचे मत घ्यावे, असे ठरले. डॉक्टरांच्या विचारविनिमयातून लंडनच्या मोरेल मॅकेंझी यांचे नाव पुढे आले. लंडनमध्ये खास घशाच्या रोगांसाठी रुग्णालय काढणारे मॅकेंझी तेव्हा या विषयात युरोपभर गाजलेले होते. २० मे रोजी ते बर्लिनला पोचले आणि त्यांनी एक अट घातली. तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याशिवाय कर्करोग म्हणायचे नाही आणि शस्त्रक्रियाही करायची नाही. शस्त्रक्रिया थांबली.

तुकडा तपासायला रुडॉल्फ फिरखो यांच्याकडे गेला. शरीरातला प्रत्येक रोग पेशींमध्ये शोधायला जगाला शिकवणारे हे गृहस्थ. विकृतिशास्त्रात त्यांच्या शब्दावर अपील नव्हते. मे आणि जूनमध्ये त्यांनी वेगवेगळ्या वेळी काढलेले तुकडे पाहिले. त्यांना कर्करोग दिसला नाही. वरच्या त्वचेची जाड, चामखिळीसारखी वाढ दिसली. मॅकेंझींनी शस्त्रक्रियेची गरज नाही असे सांगितले. युवराजाच्या घरात आनंदीआनंद झाला.

आज मागे वळून पाहताना दोन्ही बाजूंना न्याय द्यायला हवा. १८८७ साली अशी शस्त्रक्रिया जिवावर बेतणारी होती. जंतुसंसर्गावर औषधे नव्हती, रक्त चढवण्याची सोय नव्हती, गळ्यात उतरणाऱ्या रक्ताने फुप्फुसे भरत. शस्त्रक्रियेआधी तुकडा तपासण्याचा मॅकेंझींचा आग्रह तर आज जगभर नियमच झाला आहे. चूक झाली ती पुढे. तुकड्यात कर्करोग सापडला नाही, याचा अर्थ गाठीत कर्करोग नाही, असा लावला गेला. चिमट्याने घेतलेला तुकडा वरवरचा असू शकतो. काही कर्करोग वरून चामखिळीसारखे निरुपद्रवी दिसतात आणि खालून खोल सरकत जातात. अमेरिकेतले विकृतितज्ज्ञ लॉरेन ॲकरमन यांनी १९४८ साली कर्करोगाचा असा एक प्रकार सविस्तर वर्णिला. फ्रेडरिकची गाठ त्याच जातीची किंवा त्याच्या जवळची असावी, असे नंतरच्या बऱ्याच अभ्यासकांना वाटते. सूक्ष्मदर्शक काही सांगत नव्हता. पण वाढलेला आकार आणि मंदावलेली हालचाल बरेच काही सांगत होती. त्या दोन साक्षींचे वजन कमी पडले.

गावोगाव हिंडणारा रुग्ण

२१ जून १८८७ रोजी व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव लंडनमध्ये साजरा झाला. हिंदुस्थानातही त्यानिमित्त समारंभ झाले होते. लंडनच्या मिरवणुकीत पांढऱ्या गणवेशातला, उंचापुरा, दाढीधारी जर्मन युवराज घोड्यावर बसून निघाला तेव्हा लोकांच्या नजरा त्याच्यावर खिळल्या. त्याच्या गळ्यात काय चालले आहे, हे पाहणाऱ्यांना कळण्यासारखे नव्हते. त्याच महिन्यात मॅकेंझींनी गाठीचा आणखी भाग काढला. फिरखोंचा निर्वाळा पुन्हा तोच आला. सप्टेंबरमध्ये राणीने मॅकेंझींना सर ही पदवी दिली.

फ्रेडरिक इंग्लंडमधल्या बेटावर, मग स्कॉटलंडच्या डोंगरांत, तिथून आल्प्समध्ये आणि मग इटलीत राहिला. चांगल्या हवेने गळा सुधारेल अशी आशा होती. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो सॅन रेमो या किनाऱ्यावरच्या गावी पोचला. तिथे मॅकेंझींनी आरसा धरला, तेव्हा स्वरतंतूच्या खालच्या बाजूला नवी वाढ दिसली. तिचे रूप वेगळे होते. या वेळी त्यांनाही कर्करोगाची शंका टाळता आली नाही. व्हिएन्ना आणि जर्मनीतून आणखी तज्ज्ञ आले आणि त्यांचे एकमत झाले.

आता पर्याय दोनच राहिले होते. एक, संपूर्ण स्वरयंत्र काढून टाकणे. कर्करोगासाठी ही शस्त्रक्रिया प्रथम व्हिएन्नाच्या बिलरोट यांनी १८७३ च्या अखेरीस केली होती आणि तो रुग्ण काही महिनेच जगला होता. त्यानंतरच्या वर्षांतही या शस्त्रक्रियेत दगावणाऱ्यांचे प्रमाण फार मोठे होते. जो वाचेल, तो मुका होणार हे नक्की. दुसरा पर्याय म्हणजे रोगाला हात न लावणे आणि श्वास कोंडू लागला की गळ्याला छिद्र पाडून नळी बसवणे. मे महिन्यातली मर्यादित शस्त्रक्रिया, ज्यात एक स्वरतंतू जाऊन आवाज काही प्रमाणात उरला असता, ती आता यादीतच नव्हती. सहा महिन्यांत गाठीने पर्याय बदलले होते.

निर्णय रुग्णावर सोपवण्यात आला. फ्रेडरिकने सारे शांतपणे ऐकून घेतले आणि स्वरयंत्र काढायला लेखी नकार दिला. नळी बसवायला त्याची हरकत नव्हती.

मुका सम्राट

९ फेब्रुवारी १८८८ रोजी श्वास घेणे अशक्य झाले. बर्गमान यांचे तरुण सहायक ब्रामान यांनी सॅन रेमोच्या बंगल्यात गळ्याला छिद्र पाडून नळी बसवली. त्या दिवसापासून फ्रेडरिकचा आवाज संपला. मार्चच्या सुरुवातीला बर्लिनचे शरीरशास्त्रज्ञ वाल्डेयर यांना त्याच्या थुंकीत कर्करोगाच्या पेशी सापडल्या. वर्षभर हुलकावणी देणारा सूक्ष्मदर्शकाचा पुरावा हाती आला, तेव्हा त्याचा उपयोग उरला नव्हता.

९ मार्चला वडील वारले. तीस वर्षे ज्या दिवसाची वाट पाहिली, तो असा आला. नवा सम्राट आगगाडीने थंडीतल्या बर्लिनला परतला. तो चिठ्ठ्या लिहून बोलत असे. मंत्र्यांना, पत्नीला, डॉक्टरांना, सगळ्यांना चिठ्ठ्या. एप्रिलमध्ये नळी बदलताना जखम झाली, ताप चढला आणि जर्मन व इंग्रज डॉक्टरांमधले भांडण वर्तमानपत्रांत गेले. सासूबाई व्हिक्टोरिया राणी त्याच महिन्यात त्याला भेटून गेल्या. मेमध्ये धाकट्या मुलाच्या लग्नात तो गणवेश घालून उभा राहिला. जूनमध्ये निवडणुकीत ढवळाढवळ करणारा गृहमंत्री पुटकामर याला त्याने पदावरून दूर केले. उदारमतवादी राजवटीचे म्हणून दाखवता येईल असे जवळजवळ तेवढे एकच काम त्याच्या हातून झाले.

१५ जून १८८८ रोजी, ज्या राजवाड्यात जन्म झाला तिथेच त्याचा मृत्यू झाला. राज्य अवघे ९९ दिवसांचे. थोरला मुलगा दुसरा विल्हेल्म याने बापाचे कागद बाहेर जाऊ नयेत म्हणून राजवाड्याला सैनिकांचा वेढा घातला. दुसऱ्या दिवशी शवविच्छेदन झाले. स्वरयंत्राची जवळजवळ राख झाली होती. मानेतल्या लसिकाग्रंथीत रोग पोचला होता आणि फुप्फुसांत न्यूमोनिया झाला होता. शवविच्छेदन करणाऱ्यांत फिरखोही होते.

जर्मन डॉक्टरांनी अहवाल छापला. मॅकेंझींनी उत्तरादाखल पुस्तक लिहिले आणि रुग्णाच्या खासगी गोष्टी उघड केल्याबद्दल लंडनच्या शल्यचिकित्सकांच्या संस्थेकडून ठपका ओढवून घेतला. १८९२ साली ते वारले. दुसऱ्या विल्हेल्मने दोन वर्षांत बिस्मार्कला घरी बसवले आणि १९१४ साली त्याच्याच कारकिर्दीत जर्मनी महायुद्धात उतरली. फ्रेडरिक जगता तर युद्ध टळले असते का, यावर इतिहासकार आजही वाद घालतात. डॉक्टरांसाठी मात्र या आयुष्यातून उरलेला प्रश्न अधिक साधा आहे. कोणत्या दिवशी, कोणत्या मोजमापावर, कोणता उपचार?

मोजमाप कशाचे?

त्या काळी प्रत्येक डॉक्टर गाठीचे वर्णन आपापल्या शब्दांत करी. एकाची लहान ती दुसऱ्याची मध्यम. त्यामुळे कोणत्या रुग्णाला कोणत्या उपचाराने गुण आला, याची तुलनाच करता येत नसे. फ्रान्सचे पियेर देन्वा यांनी १९४० च्या दशकात एक पद्धत बसवायला घेतली. गाठ किती वाढली, जवळच्या लसिकाग्रंथींत गेली का आणि शरीरात दूरवर पसरली का, या तीन गोष्टी स्वतंत्रपणे नोंदवायच्या. टी, एन आणि एम ही त्यांची अक्षरे. आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघटनेने १९५८ साली या पद्धतीच्या पहिल्या शिफारशी प्रसिद्ध केल्या, त्या दोनच अवयवांसाठी होत्या. एक स्तन आणि दुसरा स्वरयंत्र. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या प्रयोगशाळा उभ्या करणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी याच संघटनेचे अध्यक्षपद भूषवले होते, हे मराठी वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

स्वरतंतूच्या कर्करोगात टी ठरवताना नुसते सेंटिमीटर मोजत नाहीत. गाठ कुठवर गेली आणि तंतू हलतो का, हे पाहतात. गाठ तंतूपुरती असून तो नीट हलत असेल, तर टी-१. वरच्या किंवा खालच्या भागात पसरली किंवा हालचाल मंदावली, तर टी-२. तंतू जागीच थिजला किंवा गाठ आतल्या मऊ जागेत शिरली, तर टी-३. कूर्चा पार करून बाहेर आली, तर टी-४. गेरहार्टनी १८८७ च्या मेमध्ये टिपलेली मंद हालचाल आजच्या तक्त्यात एक पायरी वर चढवते.

उपचारही या पायऱ्यांबरोबर बदलतात. टी-१ ला साधारणपणे एकच उपचार पुरतो. एकतर तोंडातून दुर्बीण घालून लेझरने गाठ काढतात, किंवा सहा आठवड्यांच्या आसपास रोज थोडे थोडे रेडिएशन देतात. दोन्हींत दहापैकी सुमारे नऊ रुग्णांत रोग आटोक्यात राहतो आणि आवाजही टिकतो. टी-२ ला हेच मार्ग असतात, पण यशाचे प्रमाण थोडे उतरते. टी-३ ला पूर्वी स्वरयंत्र काढण्यावाचून गत्यंतर नव्हते. १९९१ साली अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांतल्या ३३२ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आधी केमोथेरपी देऊन गाठ आकसली, तर पुढे रेडिएशन द्यायचे, अशी त्याची रीत होती. दोन वर्षांनी दोन्ही गटांत जगलेल्यांचे प्रमाण सारखेच, ६८ टक्के होते आणि केमोथेरपीच्या गटात ६४ टक्के रुग्णांचे स्वरयंत्र वाचले होते. त्यानंतर केमोथेरपी आणि रेडिएशन एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली. टी-४ मध्ये कूर्चा पोखरली गेली असेल, तर मात्र आजही स्वरयंत्र काढून नंतर रेडिएशन देणे हाच बहुतेक वेळा अधिक खात्रीचा मार्ग ठरतो.

एकाच पायरीवरच्या दोन गाठीही सारख्या नसतात. सीटी स्कॅनवर गाठीचे घनफळ मोजता येते. स्वरतंतूच्या टी-३ गाठी सुमारे साडेतीन घन सेंटिमीटरच्या खाली असतील, तर नुसत्या रेडिएशनने आटोक्यात येण्याची शक्यता बरीच जास्त असते, असे १९९० च्या दशकातल्या अभ्यासांत दिसले. ही काही लक्ष्मणरेषा नाही. रुग्णाचे वय, फुप्फुसांची ताकद, गिळताना ठसका लागतो का, सहा आठवडे रोज रुग्णालयात येणे जमेल का, पोटापाण्याचा धंदा आवाजावर आहे का, हे सारे जमेस धरूनच डॉक्टर आणि रुग्ण मिळून ठरवतात. मोठ्या गाठीतही आवाज वाचवण्याचा हट्ट धरून अन्नच श्वासनलिकेत जाणारे, न हलणारे स्वरयंत्र ठेवण्यात शहाणपण नसते. स्वरयंत्र काढलेला माणूस आज मानेवरच्या छिद्रातून श्वास घेतो. पण श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये बसवलेल्या छोट्या झडपेमुळे बोलू शकतो, कामावर जाऊ शकतो. फ्रेडरिकपुढे ही सोय नव्हती. त्याने दिलेला नकार आजच्या मापाने तोलू नये.

त्याची वाट मात्र आजच्या तक्त्यावर मांडून पाहावी. मार्च १८८७ मधली चार मिलिमीटरची गाठ बहुधा टी-१ होती. मे महिन्यात ती टी-२ कडे झुकली असावी. नोव्हेंबरमध्ये स्वरतंतूखाली पसरून आणखी खोल गेली आणि फेब्रुवारीत तिने श्वासच अडवला. हाच माणूस आज मार्चमध्ये रुग्णालयात आला असता, तर एक-दोन दिवसांत घरी गेला असता आणि बोलत राहिला असता. मेमध्ये आला असता, तरी त्याच्या आवाजाची आशा मोठी होती. नोव्हेंबरमध्ये उपचार लांबले असते, जड गेले असते. फेब्रुवारीत आला असता, तर आजच्या डॉक्टरांनीही प्रथम गळ्याला छिद्रच पाडले असते.

आपल्याकडे विडी, सिगारेट आणि त्यांच्या जोडीला दारू ही या रोगाची मुख्य कारणे. म्हणून धूम्रपान करणाऱ्याच्या बसलेल्या आवाजाकडे अधिक काळजीने पाहावे. बसलेला आवाज म्हणजे कर्करोग असे मुळीच नाही. सर्दी, ओरडणे, आम्लपित्त, स्वरतंतूवरच्या साध्या गाठी, थायरॉइडचे विकार अशी त्याची बहुतेक कारणे किरकोळ किंवा सहज बरी होणारी असतात. पण आवाज तीन आठवड्यांहून अधिक बसलेला असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने स्वरतंतू पाहून घ्यावेत. नाकातून घातलेली बारीक दुर्बीण काही मिनिटांचे काम करते. गिळताना दुखणे, कानात कळ, मानेत गाठ, थुंकीतून रक्त किंवा श्वास घेताना घरघर यांपैकी काही असेल, तर तीन आठवडेही थांबू नये. आणि तुकड्याच्या तपासणीत काही निघाले नाही, तरी गाठ वाढत असेल, तर पुन्हा दाखवावे. डॉक्टर पुन्हा आणि अधिक खोल तुकडा घेतील.

विसर्जनाच्या मिरवणुकीत बसलेला गळा दसऱ्याच्या आत सुटायला हवा. पितृपक्ष सरून घट बसले तरी सुटला नसेल, तर गुळण्या पुरे झाल्या असे समजावे आणि घसा दाखवायला जावे.